नावासकट गाणं: रिमिक्स आणि मॅशप शोधायचे कसे, पुढे द्यायचे कसे

श्रावण सरत आला की बडोद्यातल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गाण्यांच्या फाइली फिरायला लागतात. ‘नवीन गणपती डीजे मिक्स’, ‘नॉनस्टॉप गरबा ३’, ‘फायनल फायनल’. गायलंय कोणी, मूळ ट्रॅक कोणाचा, रिमिक्स (गाण्याची नव्याने बांधलेली आवृत्ती) कोणाचा, कशाचाच पत्ता नसतो. पुढच्या वर्षी तेच गाणं चांगल्या दर्जाचं हवं झालं तर हाती धागा नाही, आणि रात्री जागून ज्याने ते बनवलं त्याच्यापर्यंत एकही ऐकणारा पोचत नाही. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक शोधताना आणि वाटताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं: ट्रॅकचं नाव अर्धवट असणं.

ही गरज ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली, तेव्हा गाणं संपताना त्या स्वतःचं नाव मोठ्याने सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात, आणि कोणती तबकडी कोणाची हे तिथल्या लोकांना त्यावरून कळे. आज तेच काम फाइलच्या टॅगने, म्हणजे फाइलमध्येच भरलेल्या नाव-माहितीने, करायचं आहे.

पूर्ण नाव कसं वाचायचं

नीट लिहिलेलं नाव असं दिसतं: कलाकार – शीर्षक (रिमिक्स करणाऱ्याचं नाव, आवृत्तीचा प्रकार) – लेबल (ट्रॅक प्रकाशित करणारी कंपनी), वर्ष. कंसातला भाग सगळ्यात कामाचा, आणि नेमका तोच लोक गाळतात.

‘ओरिजिनल मिक्स’ म्हणजे मूळ कलाकाराची आवृत्ती. ‘रेडिओ एडिट’ तीन-साडेतीन मिनिटांची, सुरुवात-शेवट छाटलेली. ‘एक्स्टेंडेड मिक्स’मध्ये पुढे-मागे नुसता ठेका असतो, त्यामुळे दोन गाणी जोडायला जागा मिळते. मांडवावर वाजवायचं असेल तर हीच घ्या. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) ३२ बार (चार ठोक्यांचा एक बार) बरोबर एक मिनिट चालतात, म्हणजे १६ बारच्या इंट्रोत जोडणीला अर्धा मिनिट मिळतो. ‘डब’मध्ये गायन जवळपास काढलेलं असतं, मॅशपसाठी (एका गाण्याचं गायन दुसऱ्याच्या ठेक्यावर बसवण्यासाठी) तळ हवा असेल तर आधी तो शोधावा. ‘बूटलेग’ म्हणजे परवानगीशिवाय केलेला रिमिक्स. ‘व्हीआयपी’ म्हणजे कलाकाराने स्वतःच्याच ट्रॅकची केलेली दुसरी आवृत्ती. आणि सेटच्या (डीजेने सलग वाजवलेल्या ट्रॅकांच्या) यादीत नुसतं ‘आयडी’ लिहिलेलं दिसलं तर त्या ट्रॅकचं नाव अजून बाहेर आलेलं नाही.

सेटमध्ये ऐकलेलं, पण ओळखू न आलेलं

तासाभराच्या सेटमधला एक ट्रॅक आवडला तर आधी वेळ टिपा, मिनिट-सेकंदासकट. मग या क्रमाने चला.

सेटचं वर्णन आणि त्या मिनिटावरच्या प्रतिक्रिया वाचा. साउंडक्लाउड या गाणी चढवण्याच्या साइटवर प्रतिक्रिया थेट आवाजाच्या लहरीच्या चित्रात त्या जागेवर चिकटलेल्या असतात, त्यामुळे निम्मी कोडी तिथेच सुटतात. तिथे नसेल तर १००१ट्रॅकलिस्ट्सवर सेटचं नाव टाका. गाजलेल्या सेटांच्या याद्या तिथे हौशी लोक मिळून पूर्ण करतात.

त्यानंतर शझाम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप. ते गाण्याच्या ध्वनिचित्रातले ठळक बिंदू आणि त्यांच्यातलं अंतर पकडून जुळवतं. म्हणूनच डीजेने वेग किंवा पट्टी बरीच हलवली असेल, किंवा दोन ट्रॅक एकावर एक चालू असतील, तर ते चुकतं. आधीचा ट्रॅक पूर्ण उतरला आणि पुढचा अजून चढला नाही असा मधला तुकडा ऐकवा. तरीही जमलं नाही तर प्लेअरचा वेग दोन-चार टक्के खाली-वर करून पुन्हा ऐकवा. गायन असेल तर ऐकू आलेली ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. आणि गाणं नवं पण त्यातला एखादा तुकडा जुना वाटत असेल तर हूसॅम्पल्डवर पाहा. कोणी कोणाचा सॅम्पल घेतला, कोणी कोणाला रिमिक्स केलं, त्याच्या नोंदी तिथे आहेत.

सगळं करून नाव सापडलं नाही तर ग्रुपवर विचारा. पण ‘हे कोणतं गाणं?’ म्हणून रस्त्यावरच्या गोंगाटातला व्हिडिओ पाठवू नका. सेटची लिंक, वेळ, अंदाजे बीपीएम आणि कानावर आलेला एखादा शब्द, एवढं दिलंत तर माणसं उत्तर देतात.

नवं सापडतं कुठे

अल्गोरिदम तुम्हाला तुमच्याच आवडीभोवती फिरवत राहतो. दूरचं ऐकायचं असेल तर माणसाच्या किंवा लेबलच्या मागे जावं.

बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर ट्रॅकच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर क्लिक केलं की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याने पदरचे पैसे देऊन तुमच्या आवडीचा ट्रॅक घेतला, त्याच्या संग्रहात तुमच्या कामाचं आणखी काही असण्याची शक्यता कोणत्याही शिफारशीपेक्षा जास्त. शहराच्या टॅगनेही शोधता येतं. मुंबई, पुणे, अहमदाबाद टाकून पाहा. साउंडक्लाउडवर कलाकारापेक्षा त्याचे ‘लाइक्स’ आणि ‘रीपोस्ट’ पाहावेत. बीटपोर्ट या डान्स म्युझिक विकणाऱ्या साइटवर लेबलच्या पानावर जा, कारण डान्स म्युझिकमध्ये लेबलचा कान ठरलेला असतो; एका लेबलचे तीन ट्रॅक आवडले तर चौथाही बहुधा आवडेल.

डिस्कॉग्ज २००० साली इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डची सूची म्हणूनच सुरू झालं. जुन्या गोष्टी खणायला ते अजूनही अव्वल आहे. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची टीआर-८०८ (ठेक्याचं) आणि टीबी-३०३ (बेसचं) ही इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन भारतीय राग डिस्को ठेक्यावर बसवले. ती रेकॉर्ड वर्षानुवर्षं विस्मरणात राहिली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या अ‍ॅसिड हाऊस या डान्स प्रकाराच्या चाहत्यांनी कान टवकारले. हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकांच्या अशा आणखी रेकॉर्ड शोधायच्या तर डिस्कॉग्जवर श्रेयनामावली उघडा आणि एकेका वादकाच्या नावावर क्लिक करत जा.

फाइल खरी की फुगवलेली

नावात ‘३२० केबीपीएस’ लिहिलेलं असलं तरी आत तेवढा दर्जा असेलच असं नाही. व्हिडिओवरून ओढलेला आवाज पुन्हा ३२० वर साठवला की फाइल मोठी होते, गेलेला तपशील परत येत नाही. स्पेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात टाका; आवाजातल्या खालच्या-वरच्या स्वरांचं चित्र दिसतं. चित्राचा माथा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सपाट कापलेला दिसला तर माल १२८चा आहे. खऱ्या ३२०चा माथा सुमारे २० पर्यंत जातो, तपशील न गमावणाऱ्या फ्लॅक किंवा वेव्ह फाइलींचा २२ पर्यंत. एक अपवाद लक्षात ठेवा: जुन्या तबकड्यांवर वरचे स्वर मुळातच नसतात, तिथे या चाचणीवरून निवाडा करू नये.

इअरफोनवर हा फरक निसटतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत मोठ्या स्पीकरवर मात्र झांजा आणि ताशा फाटल्यासारखे येतात, आणि आवाज वाढवला की कान दुखतात. साठवणुकीचा हिशेब सोपा आहे: ३२० एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी, सीडी दर्जाच्या वेव्हला सुमारे १० एमबी.

वेग: हींच आणि हाऊसची गाठ

मॅशप फसतात त्यातले निम्मे इथेच. सगळे हाऊस या डान्स प्रकाराचा १२८ धरून बसतात आणि १०० बीपीएमचं गाणं ओढून तिथे नेतात. २८ टक्के ओढल्यावर गायकाचा आवाज चिरकतो, शब्दांच्या कडा तुटतात. गायन सहा, फार तर आठ टक्के हलवावं. त्यापेक्षा गाण्याच्या वेगाला साजेसा प्रकार निवडा. ८५ ते ९० चं गाणं दुपटीने ड्रम अँड बेसच्या १७० ते १८० मध्ये ओढाताण न करता बसतं. ७० चं गाणं डबस्टेपच्या १४० वर बसतं. १०० ते ११० साठी मूंबाटोन आहे, जो जन्मलाच डच हाऊस १०८ च्या आसपास मंदावून. १२० च्या पुढे हाऊस.

सॉफ्टवेअर बीपीएम सांगतं त्यावर डोळे मिटून विसंबू नका. ८७ ला १७४ म्हणणं ही नेहमीची चूक. गरब्यात आणखी एक होते. हींच हा गरब्याचा ताल सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन गटांत. सॉफ्टवेअर चारच्या हिशेबाने मोजतं, म्हणून खरा वेग १२० असताना १८० किंवा ९० दाखवतं. हाताने मोजा: सहातल्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या, पंधरा सेकंदांतल्या टाळ्या मोजा, चारने गुणा. तीस टाळ्या आल्या तर १२०.

आता जोडणी. हाऊसचा किक (खालचा जाड ठोका) प्रत्येक टाळीवर येतो, इथवर हींचशी भांडण नाही. भांडण टाळ्यांच्या मधल्या जागेत आहे. हाऊसमध्ये एका किकचे चार भाग पडतात, हींचमध्ये तीन. दोन्ही एकत्र वाजले की ढोलक लंगडल्यासारखा ऐकू येतो आणि गोलात पाय चुकतात. म्हणून प्रोजेक्टमध्ये ट्रिप्लेट ग्रिड (ठोक्याचे तीन भाग पाडणारी आखणी) लावा, तयार लूपमधले चारच्या हिशेबाचे हाय-हॅट (झांजेचे बारीक ठोके) काढून टाका, आणि नवे हॅट तीनपैकी पहिल्या आणि तिसऱ्या भागावर ठेवा. बेसलाइनही त्याच ग्रिडवर पुन्हा लिहावी लागते. जुनी सरकवून चालत नाही. केरव्याचे गरबे मात्र आठ मात्रांचे, ते चारच्या ठेक्यात सरळ बसतात. पहिला प्रयोग त्यांच्यावर करा.

जुन्या गाण्यांत वादक जिवंत वाजवत, त्यामुळे वेग सरकतो: १०४ ला सुरू झालेलं गाणं १०८ ला संपू शकतं. दर आठ बारना समेवर खूण लावून तेवढाच तुकडा ग्रिडवर बसवा. प्रत्येक मात्रेला खूण लावलीत तर गाण्यातली लय मरते.

पट्टी: सॉफ्टवेअरला यमन कळत नाही

डीजे लोक कॅमलॉट चक्र वापरतात: १ ते १२ आकडे, मायनरला ‘ए’, मेजरला ‘बी’. तोच आकडा, एक मागचा, एक पुढचा, किंवा आकडा तोच ठेवून ए-बीची अदलाबदल, एवढे जुळतात. पेटीवाल्यांसाठी: पांढरी एकचा मेजर म्हणजे ८बी, पांढरी सहाचा मायनर ८ए, काळी एकचा मायनर १२ए, काळी चारचा मायनर १ए. वेगाबरोबर पट्टीही बदलू दिली तर सुमारे सहा टक्क्यांना एक स्वर सरकतो, पांढरी एकवरून काळी एकवर.

मात्र या सॉफ्टवेअरला मेजर आणि मायनर एवढंच माहीत. पांढरी एकवरच्या यमनात तीव्र मध्यम असतो, म्हणून ते पांढरी पाचचा मेजर, म्हणजे ९बी सांगतं. भैरवीला तर भलताच षड्ज देतं. स्वरांची बेरीज जुळते म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं, पण बेस चुकीच्या स्वरावर ठाण मांडतो आणि गाणं दुसऱ्याच कोणाचं झाल्यासारखं होतं. आधी पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा शोधा, बेस त्या सावर लावा, मग चक्राकडे पाहा. तबकडीवरून घेतलेल्या गाण्याचा सा दोन स्वरांच्या मध्येही सापडतो, कारण फिरवण्याचा वेग नेमका नसे. तिथे गाण्याऐवजी तळाचा ट्रॅक सेंटमध्ये (स्वराच्या शंभराव्या भागांत) हलवावा.

गायन वेगळं काढणं आणि बसवणं

अल्टिमेट व्होकल रिमूव्हर मोफत आहे आणि त्यात डेमक्ससारखी मॉडेल चालतात. क्रम महत्त्वाचा: आधी गायन वेगळं काढा, मग वेग-पट्टी हलवा. उलट केलंत तर ओढण्याचे ओरखडे मॉडेलला गायनाचाच भाग वाटतात. फाइल वेव्ह किंवा फ्लॅक घ्या. निघालेल्या गायनात पाण्याखालून आल्यासारखी थरथर राहते. १२० ते १५० हर्ट्झखालचं सगळं कापा, आणि थरथर जास्त असेल तिथे तळात झांज किंवा पॅड ठेवून झाका. बेस दोन्ही ट्रॅकांचा एकदम कधीही वाजवू नका. गायनाची ओळ तळाच्या आठ बारच्या टप्प्यावरच सुरू करा. चौथ्या बारवर घुसलेलं गायन मापात असूनही चुकलेलं वाटतं.

मिक्स करताना माथ्याशी सहा डेसिबल जागा ठेवा. मिरवणुकीच्या आणि मांडवाच्या सिस्टीम बऱ्याचदा मोनो असतात, म्हणून शेवटी मोनोत ऐका. रुंद पसरवलेला बेस तिथे नाहीसा होतो. यूट्यूब आणि स्पॉटिफाय आवाज सुमारे उणे १४ लफ्सवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणतात. उणे ७ पर्यंत दाबून दिलेला ट्रॅक तिथे सात डेसिबलने खाली येतो आणि दाबलेलाच राहतो. ऑनलाइनसाठी आणि मैदानासाठी दोन मास्टर (अंतिम फाइली) करा.

कोणाचं गाणं आहे ते

एका गाण्यात दोन हक्क असतात: शब्द-चालीचा एक आणि ध्वनिमुद्रणाचा दुसरा. कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि कवी-संगीतकाराचा हयातभर अधिक ६० वर्षं. धार्मिक विधीच्या ओघात संगीत वाजवायला कलम ५२ मध्ये सवलत आहे, वरातीचाही त्यात समावेश आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाने त्या सवलतीवर विसंबू नये, आणि नंतर ऑनलाइन टाकलेल्या फाइलीला ती उपयोगी पडत नाही.

सगळ्यात मोकळा रस्ता म्हणजे स्वतः गाऊन घेणं. समर्थ रामदासांची आरती, डभोईच्या दयारामांच्या गरबी, यांच्या शब्दांवर आज कोणाचा हक्क नाही. चाल मात्र पारंपरिक घ्या, एखाद्या संगीतकाराने अलीकडे बांधलेली नको. बडोद्याला चांगल्या गळ्यांची आणि ढोलक्यांची वाण नाही. मौलाबक्षांची १८८६ची गायनशाळा आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. गायकाला कानात ठरलेल्या वेगाचा क्लिक द्या, हेडफोन बंद कानांचे असू द्या म्हणजे क्लिक माइकमध्ये गळत नाही. माइक वीतभर अंतरावर, मागे गादी किंवा रजई, पातळीचा माथा उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्यामधला पितृपक्ष या कामाला नेमका पुरतो.

तयार गायन हवं असेल तर सीसीमिक्स्टर आणि इंटरनेट अर्काइव्हचा नेटलेबल्स विभाग पाहा. क्रिएटिव्ह कॉमन्सची अक्षरं वाचूनच घ्या: ‘बीवाय’ला श्रेय पुरतं, ‘एनसी’ असेल तर तिकिटाच्या कार्यक्रमात नको, ‘एनडी’ असेल तर रिमिक्स करून वाटता येत नाही, ‘एसए’ असेल तर तुमचा रिमिक्सही त्याच अटीवर द्यावा लागतो.

कोणाचा ट्रॅक घेतला असेल तर लेबलला पत्र लिहा, चार ओळींचं: मूळ ट्रॅकचं पूर्ण नाव, किती सेकंद कुठून घेतले, कुठे टाकणार, पैसे घेणार की नाही, आणि साउंडक्लाउडची खाजगी लिंक. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर तो मॅशप ऑनलाइन टाकू नका.

टाकणं आणि पाठवणं

यूट्यूबवर आधी ‘खाजगी’ ठेवून चढवा. चढवतानाच्या तपासणीत कंटेंट आयडी (गाणं ओळखून मालकाचा दावा लावणारी यूट्यूबची यंत्रणा) जुळला तर तिथेच कळतं. हा दावा म्हणजे स्ट्राइक (चॅनेलवर नोंदला जाणारा इशारा) नव्हे. मालक व्हिडिओ अडवतो, जाहिरातीचे पैसे घेतो किंवा नुसतं पाहतो. स्ट्राइक येतो तो काढून टाकण्याच्या कायदेशीर मागणीतून, आणि ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल जाऊ शकतं. दावा चुकवायला पट्टी वर नेण्याची युक्ती वापरू नका. गाणं बिघडतं आणि मूळ कलाकाराचं नावही पुसलं जातं. तासाभराचा सेट असेल तर मिक्सक्लाउड बरं: तिथे ट्रॅकची यादी भरायची असते आणि वाजवलेल्यांच्या मालकांना मोबदला देण्याचे करार त्यांनी केलेले आहेत. साउंडक्लाउडवर वेव्ह किंवा फ्लॅक चढवा, कारण ते पुन्हा दाबतातच. चित्र निदान ८०० बाय ८०० चं असावं.

फाइलमध्ये टॅग भरायला म्युझिकब्रेन्झ पिकार्ड किंवा मिक्स (Mixxx) हे सॉफ्टवेअर चालेल. शीर्षकात देवनागरी आणि रोमन दोन्ही लिहा, शोधणारे दोन्हींनी शोधतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ करून पाठवली तर आवाज दाबला जातो. सोबत संदेशात इतकं तरी असू द्या: मूळ कलाकार आणि ट्रॅक, गायन कोणाचं, ढोलक कोणी वाजवला, रिमिक्स कोणाचा, बीपीएम, सा कोणत्या पट्टीत, मूळ ट्रॅक विकत कुठे मिळतो त्याची लिंक, आणि फाइल पुढे पाठवायला किंवा मांडवात वाजवायला परवानगी आहे की नाही.